माख प्रोबने प्लाझ्माचा वेग मोजताना 'के' कोणता धरावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका संशोधक विद्यार्थ्याकडे रेषीय यंत्र आहे. त्यात तापलेल्या कॅथोडने आर्गॉनचा प्लाझ्मा (आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन असलेला वायू) तयार होतो आणि डिस्चार्ज ६० व्होल्टवर चालतो. वायूचा दाब ०.१ पास्कल, चुंबकीय क्षेत्र ०.१ टेस्ला, इलेक्ट्रॉनांचे तापमान ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आणि घनता प्रति घनमीटर १० चा १७ वा घात इतकी आहे. ॲल्युमिनाच्या नळीत पाठीला पाठ लावून बसवलेल्या, ३ मिमी व्यासाच्या टंगस्टनच्या दोन चकत्या असा त्यांचा माख प्रोब आहे. दोन्ही चकत्यांना ॲनोडच्या तुलनेत उणे ४० व्होल्ट दिलेले आहेत. कॅथोडकडे तोंड असलेल्या चकतीचा करंट दुसरीच्या १.९ पट येतो. या गुणोत्तरावरून माख संख्या (प्लाझ्माचा वेग भागिले त्यातला ध्वनिवेग) काढायला ते बसले, तेव्हा एका शोधनिबंधातल्या 'के' या गुणांकाने ०.२८ आली, दुसऱ्यातल्या गुणांकाने ०.४८ आणि तिसऱ्यातल्या गुणांकाने चक्क ०.८८. यांतली खरी कोणती, असे त्यांनी विचारले आहे.

मराठीत 'प्रवाह' हा शब्द विजेसाठीही वापरतात आणि वाहण्यासाठीही, म्हणून या उत्तरापुरते मी विजेच्या प्रवाहाला करंट म्हणतो आणि प्लाझ्माच्या वाहण्याला प्रवाह. प्रश्नाचे माझे उत्तर असे: 'के' हा तक्त्यातून उचलायचा स्थिरांक नाही. तुमच्या प्लाझ्मात आयन प्रोबपर्यंत कोणत्या वाटेने पोचतात, याविषयीचे ते एक विधान आहे. ते विधान तुमच्या यंत्राला लागू पडते की नाही, हे चार लांब्या काढल्यावर बव्हंशी कळते. मात्र त्याही आधी त्या उणे ४० व्होल्टांकडे बघावे लागेल, कारण मला शंका आहे की १.९ हा आकडाच पक्का नाही.

मुळापासून सुरुवात करू. इर्व्हिंग लँगम्यूर आणि हॅरल्ड मॉट-स्मिथ यांनी १९२६ साली प्रोबचा सिद्धांत मांडला. त्याचा गाभा असा की प्लाझ्मात ठेवलेल्या धातूच्या तुकड्याला पुरेसा ऋण व्होल्टेज दिला, तर इलेक्ट्रॉन परतवले जातात आणि फक्त आयन गोळा होतात. या आयन सॅच्युरेशन करंटवरून घनता मिळते. प्लाझ्मा स्थिर असेल, तर प्रोबचे तोंड कोणत्या दिशेला आहे याने फरक पडत नाही. प्लाझ्मा वाहत असेल, तर वाऱ्याकडे तोंड केलेल्या पृष्ठभागावर जास्त आयन येतात आणि पाठ केलेल्यावर कमी. या दोन करंटांचे गुणोत्तर घेतले की घनता, इलेक्ट्रॉन तापमान आणि क्षेत्रफळ हे सगळे दोन्ही बाजूंना सारखे असल्याने कटून जाते आणि प्रवाहाची खूण तेवढी उरते, ही माख प्रोबची कल्पना. गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम म्हणजे 'के' गुणिले माख संख्या, असे साधे समीकरण त्यासाठी वापरतात. १.९ चा लॉगरिदम ०.६४ येतो. त्याला कशाने भागायचे, एवढाच वाद आहे.

हा वाद का आहे, हे समजण्यासाठी प्रीशीथकडे बघावे लागते. प्रोबच्या अगदी लगत काही डिबाय लांब्यांएवढा (डिबाय लांबी म्हणजे ज्या अंतरात प्लाझ्मा बाहेरचे विद्युत क्षेत्र झाकून टाकतो ते) पातळ शीथ, म्हणजे विद्युत आवरण, असतो, आणि आयनांनी त्यात ध्वनिवेगाने शिरावे अशी बोमची अट आहे. आयनांना त्या वेगापर्यंत नेणारा हलका विद्युत क्षेत्राचा प्रदेश म्हणजे प्रीशीथ. चुंबकीय क्षेत्र नसेल, तर प्रीशीथ प्रोबच्या आकाराएवढाच असतो, आयन सगळ्या बाजूंनी वळून येतात आणि पाठीमागच्या चकतीलाही कडेने वळसा घालून आलेले आयन मिळतात. क्षेत्र जोरदार असेल, तर आयन क्षेत्ररेषेला बांधलेले असतात, आणि प्रोब स्वतःच्या आडोशातल्या रेषांच्या नळीतूनच आयन शोषतो. ती नळी कडेने, म्हणजे क्षेत्राला आडवे होणाऱ्या मंद विसरणाने, पुन्हा भरावी लागते, आणि त्यामुळे प्रीशीथ प्रोबच्या कित्येक पट लांब होतो. बाहेरच्या प्रवाहाची बातमी नळीत कशी पोचते हे या भरण्याच्या प्रक्रियेवर ठरते, आणि 'के' तिथेच ठरतो.

आता त्या निरनिराळ्या आकड्यांचा उगम पाहू. १९७० साली हुडिस आणि लिडस्की यांनी दिलेल्या सूत्रात 'के' म्हणजे आयन व इलेक्ट्रॉन तापमानांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाची चौपट. आयन ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टचे धरले, तर तुमच्यासाठी तो ०.७३ येतो आणि त्यातूनच ०.८८ ही माख संख्या निघते. शीथमध्ये आयन कसे ओढले जातात याची मांडणी त्या सूत्रात समाधानकारक नाही, हे पुढे स्पष्ट झाले आहे. थंड आयनांच्या प्लाझ्मात ते वापरू नये, असे मी ठामपणे म्हणेन. त्या सूत्राने थंड आयनांमध्ये प्रवाह फुगून दिसतो, आणि फुगलेला आकडा छापायला आकर्षक वाटतो, म्हणून ते अजून मधूनमधून डोके वर काढते. स्टँगबी यांनी १९८४ साली जोरदार चुंबकीय क्षेत्रासाठी द्रव-प्रतिमान दिले. त्यात नळीच्या कडेने संवेगाची घासाघीस, म्हणजे श्यानता, धरलेली नव्हती. हचिन्सन यांनी १९८७ मध्ये ती धरली, आणि कण जितक्या सहज आडवे सरकतात तितक्याच सहज संवेगही सरकतो असे मानल्यावर 'के' २.३ च्या आसपास आला. श्यानता शून्य धरली, तर तो याच्या निम्म्याहूनही खाली येतो. १.३४ हा आकडा मात्र अगदी वेगळ्या परिस्थितीतला आहे. चुंबकीय क्षेत्र नसलेल्या, वाहत्या प्लाझ्मातल्या गोलावर हचिन्सन यांनीच २००० नंतरच्या दशकात कणांच्या संगणकीय सिम्युलेशनने तो काढला, आणि तिथे वेग मोजायचा एकक फक्त इलेक्ट्रॉन तापमानावरून काढलेला ध्वनिवेग असतो. आयन तापमान धरून काढलेला ध्वनिवेग तुम्ही एका निबंधातून आणि 'के' दुसऱ्यातून घेतला, तर गरम आयनांच्या प्लाझ्मात तीसचाळीस टक्क्यांची चूक नकळत शिरते. 'के' जिथून घ्याल, ध्वनिवेगाची व्याख्याही तिथूनच घ्या.

आता तुमच्या चार लांब्या. डिबाय लांबी सुमारे ०.०४ मिमी येते. ती चकतीच्या त्रिज्येपेक्षा पुष्कळ लहान आहे, म्हणून इथे काळजी नाही. (ती त्रिज्येच्या जवळपास येऊ लागली आणि आयन थंड असले, तर सिम्युलेशनमध्ये चक्क पाठीमागच्या बाजूला जास्त आयन गोळा होताना दिसतात, म्हणजे प्रवाहाची दिशाच उलटी वाचली जाते. विरळ प्लाझ्मात बारीक प्रोब घालणाऱ्यांनी हे विसरू नये.) दुसरी लांबी आयनांच्या लार्मर त्रिज्येची, म्हणजे क्षेत्ररेषेभोवती आयन ज्या वर्तुळात फिरतो त्याच्या त्रिज्येची. ०.१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आर्गॉन आयनासाठी ०.१ टेस्लाला ती २ मिमी येते. पण प्रीशीथमधून येताना आयन इलेक्ट्रॉन तापमानाच्या दर्जाची ऊर्जा कमावतो, आणि ध्वनिवेगाने चालणाऱ्या आयनाची लार्मर त्रिज्या ११ मिमी आहे. तिसरी लांबी प्रोबची: चकतीची त्रिज्या १.५ मिमी. म्हणजे तुमचे इलेक्ट्रॉन पुरते बांधलेले आहेत (त्यांची लार्मर त्रिज्या ०.०४ मिमी), पण आयन तुमच्या प्रोबच्या दृष्टीने जवळजवळ मोकळे आहेत. 'चुंबकीय क्षेत्रातला प्लाझ्मा' हे शब्द वाचून २.३ वापरण्याची चूक नेमकी इथे होते. प्लाझ्मा चुंबकित, म्हणजे क्षेत्ररेषांना बांधलेला, आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. तुमच्या प्रोबला आयन चुंबकित दिसतात का, असे विचारावे लागते. चौथी लांबी आयन आणि उदासीन अणू यांच्या टकरींमधल्या अंतराची. ०.१ पास्कलला ती काही सेंटिमीटर येते. मोकळ्या आयनांचा प्रीशीथ काही मिलिमीटरांचा असल्याने टकरींविना काढलेला 'के' चालून जातो. हाच दाब आणि जोरदार क्षेत्र असते, तर प्रीशीथ टकरींच्या अंतरापेक्षा लांब झाला असता आणि मग प्रसिद्ध झालेला कोणताही 'के' तसाच्या तसा चालला नसता.

म्हणून १.९ हे गुणोत्तर खरे मानले, तर मी १.३४ धरेन. माख संख्या ०.४८ आणि वेग सेकंदाला सुमारे १.३ किलोमीटर येतो. त्याच्या खालची मर्यादा म्हणून चुंबकित आयनांचा 'के', म्हणजे २ (याचे कारण पुढे येईल), धरून येणारा ०.३२ हा आकडाही सोबत देईन. तुमची परिस्थिती या दोन टोकांच्या मधली असली, तरी पहिल्या टोकाकडे झुकलेली आहे. हे पडताळायचे असेल, तर त्याच यंत्रात हेलियम भरा. हेलियमचा अणू आर्गॉनपेक्षा दहा पटींनी हलका असल्याने त्याच तापमानाला लार्मर त्रिज्या तिपटीहून अधिक लहान होते, आणि क्षेत्र वाढवत नेले की एका राजवटीतून दुसरीत जाताना गुणोत्तर कसे सरकते ते दिसते. त्यासाठी अर्थातच खरा प्रवाह किती बदलला हे दुसऱ्या मार्गाने माहीत असावे लागते. त्याकडे शेवटी येतो.

पण आधी ते उणे ४० व्होल्ट. इलेक्ट्रॉन तापमान ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, तर आर्गॉनमध्ये फ्लोटिंग पोटेन्शियल (ज्या व्होल्टेजला प्रोबचा एकूण करंट शून्य होतो ते) प्लाझ्मा पोटेन्शियलच्या, म्हणजे खुद्द प्लाझ्माच्या व्होल्टेजच्या, साधारण १५ व्होल्ट खाली असते, त्यामुळे उणे ४० पुरेसे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तुमचा कॅथोड ॲनोडच्या ६० व्होल्ट खाली आहे. तिथून निघालेले प्राथमिक इलेक्ट्रॉन सुमारे ६० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेऊन क्षेत्ररेषांवरून सरळ येतात, आणि उणे ४० व्होल्टची भिंत ओलांडून कॅथोडकडे तोंड असलेल्या चकतीवर सहज आदळतात. मागच्या चकतीवर ते येत नाहीत, किंवा फारच थोडे येतात. समोरच्या चकतीचा आयन करंट त्यामुळे तेवढा कमी वाचला जातो, आणि तुमचे गुणोत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. प्रवाह कॅथोडकडे असता, तर हीच चूक तो फुगवून दाखवती. चकत्यांचा व्होल्टेज उणे ३० पासून उणे १०० पर्यंत हळूहळू न्या आणि दोन्ही करंट वेगवेगळे काढून बघा. समोरच्या चकतीचा करंट उणे ६० च्या आसपास पायरीसारखा चढला आणि मागचीचा चढला नाही, तर माझी शंका खरी. मग उणे ८० व्होल्टवर मोजमाप करा आणि वरचे सगळे गणित नव्या गुणोत्तराने पुन्हा मांडा.

उणे ८० ला जाण्याची किंमतही आहे. शीथ जाड होतो. व्होल्टेजवरून शीथची जाडी देणाऱ्या चाइल्डच्या नियमाने तो तुमच्याकडे सुमारे ०.४ मिमी भरतो आणि १.५ मिमी त्रिज्येच्या चकतीच्या कडेने बाहेर फुगतो. दोन्ही बाजूंना तो सारखाच फुगला असता, तर गुणोत्तरात कटून गेला असता. मात्र पाठीमागे घनता कमी असल्याने तिथला शीथ अधिक जाड होतो, मागच्या चकतीचे परिणामी क्षेत्रफळ थोडे जास्त वाढते आणि गुणोत्तर पुन्हा थोडे खाली येते. चकती नळीच्या तोंडापासून मिलिमीटरभर आत बसवली, तर हा परिणाम कमी होतो, आणि दिशेची निवडही नेमकी होते.

दुसरी किंमत मी स्वतः मोजली आहे. उणे ८०-९० व्होल्टवर आर्गॉनचे आयन टंगस्टनचे अणू उडवू लागतात. एका प्रयोगात आमचे गुणोत्तर तीन आठवड्यांत हळूहळू सरकत गेले, आणि यंत्रात दुसरे काहीच बदललेले नव्हते. प्रोब बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा एका चकतीभोवती ॲल्युमिनाच्या पांढऱ्या कडेवर राखाडी, चकाकणारे कडे पसरलेले दिसले. मल्टिमीटरची एक सुई चकतीवर आणि दुसरी त्या कड्यावर टेकवली, तर जोडणी मिळाली. सिरॅमिकवर बसलेला टंगस्टनचा तो पातळ थर चकतीचाच भाग झाला होता आणि तिचे क्षेत्रफळ दिवसागणिक वाढवत होता. दुसऱ्या चकतीच्या कडेला एक बारीक फट राहिली होती, म्हणून तिथे थर चकतीला टेकला नव्हता. तेव्हापासून मी चकती आणि ॲल्युमिना यांच्यात मुद्दाम अरुंद खाच ठेवतो, आणि दर काही दिवसांनी प्रोब बाहेर काढून नीट पाहतो.

क्षेत्रफळाचा प्रश्न असा नाजूक असण्याचे कारण साधे आहे. दोन चकत्यांच्या क्षेत्रफळात १० टक्के फरक असेल, तर १.३४ च्या गुणांकाने माख संख्येत ०.०७ ची खोटी भर पडते. प्रवाहच ०.१ च्या घरात असेल, तर मोजमापाला अर्थ उरत नाही. यावरचा उपाय प्रोब आपल्या दांड्याभोवती १८० अंश फिरवण्याचा. फिरवल्यावर चकत्यांची अदलाबदल होते, क्षेत्रफळांचे गुणोत्तर तसेच राहते आणि प्रवाहाचा भाग उलटतो. दोन्ही गुणोत्तरांच्या भागाकाराचा लॉगरिदम घेतला की क्षेत्रफळे निघून जातात आणि 'के' गुणिले माख संख्येची दुप्पट उरते. ज्या मोजमापात प्रोब फिरवलेला नाही, त्यातल्या ०.१ पेक्षा लहान माख संख्येवर मी विश्वास ठेवत नाही. दांड्यावर कोणती चकती कोणत्या बाजूला आहे याची खूण कोरून ठेवा, नुसती पेनाने करू नका. फ्लँज उलटी बसवल्याने प्रवाहाची दिशा चुकीची नोंदली गेल्याचे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे.

टोकामॅकच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्राने प्लाझ्मा कोंडणाऱ्या कड्यासारख्या यंत्राच्या, कडेला हेच मोजमाप करणाऱ्यांसाठी परिस्थिती जवळजवळ उलटी असते. गांधीनगरजवळ भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेतला 'आदित्य' टोकामॅक घ्या. त्याची मोठी त्रिज्या ७५ सेंमी आणि लहान त्रिज्या २५ सेंमी. अशा यंत्राच्या कडेला १ टेस्लाच्या क्षेत्रात १० इलेक्ट्रॉन व्होल्टच्या हायड्रोजन आयनाची लार्मर त्रिज्या ०.३ मिमी येते, म्हणजे ३ मिमीच्या चकतीला आयन खरोखरच चुंबकित दिसतात. आता प्रीशीथची लांबी काढू. ती प्रोबच्या त्रिज्येचा वर्ग गुणिले ध्वनिवेग भागिले आडवे विसरण इतकी असते. ध्वनिवेग सेकंदाला ४४ किलोमीटर आणि विसरण सेकंदाला १ चौरस मीटर धरले, तर १.५ मिमी त्रिज्येच्या चकतीसाठी ती १० सेंमी भरते. पण प्लाझ्माला आडवी येते ती नुसती चकती नव्हे, तर प्रोबचे अख्खे डोके. त्याची त्रिज्या १० मिमी असेल, तर हीच लांबी ४.४ मीटर होते. 'आदित्य'भोवतीची एक संपूर्ण फेरी ४.७ मीटरची आहे आणि त्याच्या मूळ रचनेत एका ठिकाणी गोल कड्यासारखा लिमिटर, म्हणजे प्लाझ्माची कड अडवणारा भाग, होता. म्हणजे डोके जाड असेल, तर त्याची सावली क्षेत्ररेषेवरून थेट लिमिटरपर्यंत पोचते, प्रोब स्वतःच एक छोटा लिमिटर बनतो आणि ज्या प्रवाहाचे मोजमाप करायचे तो प्रवाहच बदलतो. दोन्ही बाजूंचे लिमिटरपर्यंतचे अंतर सारखे नसेल, तर नसलेला प्रवाहही दिसू शकतो. डोके शक्य तितके बारीक ठेवावे, हा सल्ला सगळेच देतात, पण तो त्रिज्येच्या वर्गामुळे इतका मोलाचा आहे हे गणित केल्यावरच पटते.

कडेच्या प्रवाहाचे हे मोजमाप किती महत्त्वाचे आहे, हे एमआयटीतल्या 'अल्केटर सी-मॉड' टोकामॅकने दाखवले. २००४ च्या सुमारास तिथल्या प्रोबांनी यंत्राच्या आतल्या, जास्त चुंबकीय क्षेत्राच्या बाजूला क्षेत्ररेषांवरून जवळजवळ ध्वनिवेगाने वाहणारा प्लाझ्मा नोंदवला. प्लाझ्मा मुख्यतः बाहेरच्या बाजूने गळतो आणि मग क्षेत्ररेषांवरून आत धावतो, ही समजूत अशा मोजमापांमुळे पक्की झाली. मात्र माख संख्या १ च्या जवळ आली की लॉगरिदमचे साधे समीकरण ताणले जाते आणि मागच्या बाजूचा करंट इतका कमी होतो की गोंगाटच गुणोत्तर ठरवू लागतो, हे तिथेही ध्यानात ठेवावे लागते.

क्षेत्राला लंब असणारा प्रवाह मोजण्यासाठी चकत्या तिरक्या करतात. १९९२ साली कॅनडातल्या वारेन येथील टोकामॅकवर एकाच नळीभोवती अनेक टोके कड्यासारखी मांडलेला प्रोब वापरला गेला, आणि डेन्मार्कमध्ये सापडलेल्या प्राचीन चांदीच्या कढईवरून त्याला 'गुंडेस्ट्रुप' हे नाव पडले. वेगवेगळ्या कोनांतल्या समोरासमोरच्या टोकांची गुणोत्तरे घेतली की एकाच वेळी समांतर आणि लंब, असे दोन्ही प्रवाह मिळतात. यामागचे गणित २००८ मध्ये हचिन्सन यांनी विलक्षण स्वच्छ रीतीने सोडवले. जोरदार क्षेत्रात, घर्षण नसताना, प्रोबचा आकार जवळपास कसाही असला तरी, लॉगरिदममध्ये येते ती समांतर माख संख्येतून लंब माख संख्या गुणिले कोनाचा कोटॅन्जंट वजा करून उरणारी संख्या, आणि 'के' नेमका २ येतो. वर मी चुंबकित टोकासाठी २ धरला तो यामुळे. या निकालाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र दुसराच आहे. तिथे येणारा 'लंब प्रवाह' म्हणजे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे होणारे सरकणे, आणि त्यात आयन व इलेक्ट्रॉन यांच्या डायामॅग्नेटिक, म्हणजे दाबाच्या उतारामुळे होणाऱ्या, सरकण्याचे पृष्ठभागाच्या कोनानुसार बदलणारे मिश्रण. तो आयनांचा निव्वळ लंब वेग नव्हे. दाबाचा उतार तीव्र असलेल्या ठिकाणी हे मिश्रण न ओळखता आकड्याला 'आयनांचा लंब वेग' म्हटले, तर निष्कर्ष चुकतो. लॉगरिदम उभ्या अक्षावर आणि कोटॅन्जंट आडव्या अक्षावर मांडून सरळ रेषा बसवा: रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तिथून समांतर प्रवाह मिळतो आणि चढावरून लंब प्रवाह. चकती क्षेत्राला जवळजवळ समांतर होते त्या लहान कोनांचे बिंदू मी वगळतो, कारण तिथे चुंबकीय प्रीशीथमधले सरकणे वरचढ होते. तुमच्या आर्गॉनमध्ये तर हा सिद्धांतच लागू नाही, कारण तो आयन बांधलेले आहेत असे गृहीत धरतो.

तुमच्यासारख्या यंत्रात लंब प्रवाह काढण्यासाठी अनेक जण दोन टोकांच्या फ्लोटिंग पोटेन्शियलमधला फरक घेऊन विद्युत क्षेत्र काढतात. इथे फार जपून राहा. फ्लोटिंग आणि प्लाझ्मा पोटेन्शियल यांच्यातले अंतर आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉन तापमानाच्या सुमारे पाचपट असते. दोन टोकांमधल्या १ सेंटिमीटरमध्ये तापमान फक्त अर्ध्या इलेक्ट्रॉन व्होल्टने बदलले, तरी अडीच व्होल्टचा खोटा फरक दिसतो, म्हणजे मीटरला २५० व्होल्टचे खोटे विद्युत क्षेत्र आणि ०.१ टेस्लाला सेकंदाला अडीच किलोमीटरचा खोटा प्रवाह. तुमचा ध्वनिवेगच सेकंदाला २.७ किलोमीटर आहे. इलेक्ट्रॉन उत्सर्जित करणारा तापलेला प्रोब किंवा बॉल-पेन प्रोब (टोक नळीत आत ओढून घेतलेला प्रोब) वापरून प्लाझ्मा पोटेन्शियल थेट मोजणे हाच यावरचा खरा उपाय आहे. तेही जमत नसेल, तर निदान तापमानाचा आलेख काढून दुरुस्ती करावी.

घनता वेगाने खालीवर होत असेल, तर दोन्ही करंट एकाच घड्याळावर, एकाच वेगाने नोंदवा आणि गुणोत्तर क्षणोक्षणी काढून मग लॉगरिदमची सरासरी घ्या. दोन्हींची आधी वेगवेगळी सरासरी काढून भागाकार केला, तर येणारा आकडा निराळा असतो. दोन्ही पद्धतींच्या उत्तरांत मोठा फरक दिसला, तर ती स्वतंत्रपणे तपासण्यासारखी बाब आहे.

आता स्वतंत्र पडताळणी. पहिली, फुकटची, म्हणजे चुंबकीय क्षेत्राची दिशा उलटवणे. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमुळे होणारे सरकणे दिशा बदलते, क्षेत्रफळातला फरक बदलत नाही, आणि जे बदलायला हवे ते बदलले नाही, तर चूक प्रोबमध्ये आहे. दुसरी पडताळणी यंत्राच्या टोकाच्या पट्टीजवळ करता येते. पट्टीच्या शीथमध्ये आयन ध्वनिवेगाने शिरतात, म्हणून प्रोब अक्षावरून पट्टीकडे नेत गेलात, तर माख संख्या १ कडे चढत जायला हवी. ती १ च्या पुष्कळ पुढे गेली, तर 'के' लहान धरला आहे. मात्र प्रोबची स्वतःची सावली पट्टीला टेकू लागली की हे मोजमाप थांबवा. तिसरी आणि सर्वांत भक्कम पडताळणी लेझरने चेतवलेल्या प्रतिदीप्तीची, आणि तिच्यासाठी आर्गॉनसारखा सोयीचा वायू नाही. ६६८.६ नॅनोमीटरच्या डायोड लेझरने आर्गॉन आयनांची एक दीर्घायुषी अवस्था चेतवता येते आणि ४४२.७ नॅनोमीटरचा निळा प्रकाश मोजता येतो. सेकंदाला १ किलोमीटरच्या वेगाने वारंवारता दीड गिगाहर्ट्झने सरकते, आणि ती आजच्या डायोड लेझरला आरामात दिसते. त्याच रेषेच्या रुंदीवरून आयन तापमानही मिळते, जे तुम्ही आत्ता ०.१ असे गृहीत धरले आहे, आणि ज्यावर लार्मर त्रिज्या, ध्वनिवेग व 'के'ची निवड या तिन्ही गोष्टी अवलंबून आहेत. तुमच्या विभागात असा लेझर नसेल, तर असलेल्या प्रयोगशाळेशी एका आठवड्याच्या मोजमापासाठी बोलणे योग्य ठरेल. एका ठिकाणी, एका दाबाला जरी दोन्ही मोजमापे जुळवता आली, तरी तुमच्या प्रोबचा स्वतःचा 'के' तुम्हाला मिळेल, आणि तो कोणत्याही निबंधातून घेतलेल्या आकड्यापेक्षा तुमच्या प्रबंधात अधिक शोभेल.

तोपर्यंत प्रबंधात माख संख्या एकटी लिहू नका. प्रत्येक आलेखाखाली कच्चे गुणोत्तर, वापरलेला 'के', ध्वनिवेगाची व्याख्या, चकतीची त्रिज्या, आयन लार्मर त्रिज्या आणि चकत्यांचा व्होल्टेज या सहा गोष्टी द्या. उद्या 'के'विषयीची समज बदलली, तरी कच्च्या गुणोत्तरावरून कोणालाही तुमचा प्रवाह पुन्हा काढता येईल. सुरुवात मात्र उणे ३० ते उणे १०० व्होल्टच्या त्या आलेखापासून करा.